सरे-पॅनोरमा रिज: आठ वर्षांच्या रायडिंगला कसला आलाय इतिहास?

सरेकर: काल इथे कोणीतरी आमच्या या रायडिंगबद्दल, म्हणजे मतदारसंघाबद्दल, लिहिलं, "२००१ ला आली, २००९ ला गेली, तिचा कसला डोंबलाचा इतिहास". डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो २००१ ला बीसीत, म्हणजे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विधानसभेत, लिबरल्सनी ७९ पैकी ७७ जागा घेतल्या, समोर एनडीपीच्या (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) दोघीच, जॉय मॅकफेल आणि जेनी क्वान. त्यात आमचे लिबरल आमदार डॉ. गुलझार चीमा ओटावाला केंद्रीय संसदेत जायचं म्हणून मधेच राजीनामा देऊन मोकळे, तिकडे नीना ग्रेवालकडून हरले, आणि ऑक्टोबर २००४ च्या पोटनिवडणुकीत एनडीपीच्या जगरूप ब्रारने ही जागा सरकारच्या हातून काढून घेतली. ग्रीन पार्टीच्या अध्यक्षा ॲड्रियान कार स्वतः उभ्या होत्या तरी!

कंटाळाराम: पोटनिवडणुकीत लोक सरकारला चिमटा काढतातच. २००५ ला परत लिबरल्सच आले ना? उगाच पराचा कावळा.

सरेकर: ४६ वर आले, ७७ वर नाही. समोर एनडीपीचे ३३.

भाडेकरू: ब्रार म्हणजे २०१२ च्या जानेवारीत वेल्फेअरच्या (सरकारी मदतीच्या) ६१० डॉलरवर महिना काढला तेच ना? नाटक नुसतं. महिना संपला की घरी जायचंय हे माहीत असल्यावर कोणीही उपाशी राहील, आमच्याकडे एकादशीला राहतातच.

शिळी_पोळी: @भाडेकरू नाटक? त्या ६१० मधले ३७५ खोलीभाड्याचे, उरले २३५, त्यात खा, बस पकड, नोकरी शोध. मी नवीन आले तेव्हा बेसमेंटमध्ये चौघी एका खोलीत, घरमालक हीटर बंद करून वर आम्हालाच म्हणायचा स्वेटर घाला, आणि आम्ही महिनाभर खिचडी. तुम्ही आलात ते कंपनीच्या खर्चाने आलात, तुम्हाला काय कळणार!

भाडेकरू: माझ्या कंपनीचा इथे काय संबंध? आणि मीही बेसमेंटच काढलंय, तीन वर्षं, फक्त रडगाणं गायलो नाही.

शिळी_पोळी: मग नाव बदला, भाडेकरू कशाला लावता.

कंटाळाराम: रायडिंगचं बोला हो कोणीतरी. पंजाबी उमेदवार, पंजाबी मतं, एवढंच गणित होतं ते.

सरेकर: चीमापण पंजाबीच, त्यांच्याच पक्षाची जागा गेली. मग गणित कुठलं? आणि आपले मराठी लोक मतदानाच्या दिवशी कुठे असतात तेही सांगा.

कंटाळाराम: बरं बाबा, ४६-३३ मान्य. तरी २००९ ला ८५ जागा करताना ही पुसलीच ना, ब्रार सरे-फ्लीटवूड मतदारसंघात गेले, नावातला रिज उडाला, नुसतं पॅनोरमा उरलं आणि तिथे लिबरल्सच्या स्टेफनी कॅड्यू आल्या. घ्या तुमचा इतिहास.

भाडेकरू: हीटरचं खरं असेल तर वाईट झालं. बाकी नाटकच.