मदत हवी आहे: पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपुढे ठेवावा लागला तर?

हिंगोली जिल्ह्यात आमचं लहान प्रसूतिगृह आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी दोन-तीन दिवस येत नाही. लाल पिशवीतलं प्लास्टिक, सुया, काचा थांबू शकतात. वार (बाळंतपणानंतर पडणारी प्लॅसेंटा, ती पिवळ्या पिशवीत जाते) मात्र तशी ठेवणं फार धोक्याचं, कुत्री वासावर येतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत अशा कचऱ्याला मर्यादा ४८ तासांची आहे; ओलांडावी लागली तर काळजी घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवायचं. खोलीला कुलूप, दुहेरी पिशव्या, गाडीवाल्यांशी बोलणं, सगळं झालं. खोल खड्ड्यात पुरायचं कृपया सुचवू नका. अनेक दवाखान्यांचा कचरा नेऊन प्रक्रिया करणाऱ्या सामायिक केंद्राची सेवा असताना ते चालत नाही.

वारेसाठी वेगळा डीप फ्रीजर कुणी ठेवलाय का? लाईट सात-आठ तास गेली तर निभतं का? आणि मंडळाला कळवायला ईमेल पुरतो, की पत्रच द्यावं लागतं?