मदत हवी आहे : प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकांच्या रोजच्या कामांची मराठी यादी (तातडीचे)

फाटक_दोन
नमस्कार. सुरक्षारक्षकांची रोजची कामे आणि कार्यपद्धती सांगणारी मराठी यादी मला गुरुवारपर्यंत व्यवस्थापनाला द्यायची आहे. शोधून मिळालेल्या सगळ्या याद्यांत ‘सतर्क राहावे’ आणि ‘शिस्त पाळावी’ यांपलीकडे काहीच नाही. माझे रक्षक सतर्कच आहेत. नेमके काय पाहायचे, कुठे लिहायचे आणि कोणाला कळवायचे, हे सांगणारा कागद मला हवा आहे. कोणाकडे तयार नमुना असल्यास कृपया आजच द्यावा, कारण गेल्या आठवड्यातल्या प्रकारानंतर माझ्या हाती वेळ उरलेला नाही.

निवृत्त_सुभेदार
जागा कोणती आहे, हेच आपण लिहिलेले नाही. कारखाना, रुग्णालय आणि गृहनिर्माण संस्था यांच्या फाटकावरची कामे सारखी नसतात. रक्षक किती, पाळ्या किती, ते सरकारी कायद्याखालच्या सुरक्षारक्षक मंडळाचे आहेत की खाजगी एजन्सीचे, आणि गेल्या आठवड्यात काय घडले, हे कळल्याशिवाय कोणीही दिलेला नमुना आपल्या कामी येणार नाही.

फाटक_दोन
चाकण परिसरात वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. दोन फाटके, एजन्सीचे नऊ रक्षक आणि सकाळी ८ ते रात्री ८ व रात्री ८ ते सकाळी ८ अशा दोन पाळ्या आहेत. घडलेल्या प्रकाराचा यादीशी संबंध नाही, त्यामुळे कृपया यादीबद्दलच सांगावे.

डिजिटल_पहारा
वह्या बंद करा. प्रत्येक ठिकाणी क्यूआर संकेत चिकटवा आणि रक्षकाने फेरीत तो मोबाइलवर टिपावा. कोणता रक्षक कुठे किती वाजता होता, याची नोंद आपोआप होते. पहाटे सहा वाजता एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या बारा, एक, दोन आणि तीनच्या फेऱ्या मी स्वतः पाहिल्या आहेत. वहीवर माझा विश्वास राहिलेला नाही.

निवृत्त_सुभेदार
खोट्या नोंदी होतात, हे मान्य आहे. पण मोबाइल फक्त रक्षक पोहोचल्याचे सांगतो, त्याने काय पाहिले ते सांगत नाही. मी पर्यवेक्षक असलेल्या एका ठिकाणी अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यातून लाल पट्ट्यात उतरला होता, आणि त्याच भिंतीवरचा संकेत प्रत्येक फेरीत टिपला जात होता. म्हणून मी रक्षकांना हात लावायला शिकवले. शटरचे कुलूप खाली ओढून पाहायचे, विजेच्या पॅनेलच्या खोलीचे दार हाताच्या पाठीने चाचपायचे, सिलिंडरची पिन आणि सील जागेवर आहे का ते बघायचे, आणि मगच लिहायचे. नोंद वहीत होते की मोबाइलवर, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

हक्काची_पाळी
मूळ दुखणे बारा तासांची पाळी हे आहे. अकराव्या तासाला रक्षकाचे डोळे उघडे असले तरी त्याला काटापावतीवरचे (गाडीच्या वजनकाट्याच्या पावतीवरचे) आकडे दिसत नाहीत. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने मिळतो का, ते आधी तपासा. सुरक्षारक्षक मंडळाच्या व्यवस्थेत मालकाने वेतन मंडळाकडे भरायचे आणि मंडळाने रक्षकाला द्यायचे असते, त्यामुळे महाराष्ट्रात १९८१ साली झालेला खाजगी सुरक्षारक्षकांचा कायदा प्रत्येक पर्यवेक्षकाने वाचायला हवा.

फाटक_दोन
वेतनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो मी विचारलेला नाही. नाइलाजाने प्रकार सांगतो. लेथ यंत्रावरच्या पितळी चुऱ्याचे भंगार घेऊन जाणारा टेम्पो रात्री ९.२० वाजता बाहेर पडला. काटापावतीप्रमाणे माल १,९१० किलो होता, तर भांडार विभागाने भरण्यापूर्वी पिंपे मोजली तेव्हा तो २,१८० किलो भरला होता. २७० किलोंच्या तफावतीचा ठपका गेटपासवर सही करणाऱ्या रात्रीच्या रक्षकावर ठेवून त्याला घरी बसवले आहे. या माणसाने चार वर्षांत एकही पाळी चुकवलेली नाही. यादी दिली नाही, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हेच होईल.

काटापावती
मी चौदा वर्षे वजनकाट्यावर आहे. कृपया चार गोष्टी सांगा. रिकाम्या टेम्पोचे वजन किती वाजता झाले? तेव्हा फाटकावर कोण होते? केबिनमध्ये किती माणसे बसलेली होती? आणि याच टेम्पोच्या जुन्या पावत्यांवर रिकामे वजन किती आहे?

फाटक_दोन
आताच पावत्या काढल्या. रिकामे वजन सायंकाळी ५.१० वाजता, म्हणजे दिवसाच्या पाळीत झाले. ते ३,४८० किलो आहे. भरलेले वजन ५,३९० किलो आहे. मागच्या दोन खेपांना हाच टेम्पो रिकामा ३,२१० आणि ३,२२५ किलो भरला होता. केबिनमधल्या माणसांची नोंद कुठेच नाही.

काटापावती
मग चोरी बाहेर पडताना नव्हे, आत येतानाच झालेली दिसते. रिकाम्या गाडीचे वजन जितके जास्त दिसेल, तितका माल कागदावर कमी होतो. ताडपत्रीखाली पाण्याने भरलेले दोनशे लिटरचे एक पिंप, म्हणजे पिंप धरून सुमारे सव्वादोनशे किलो, आणि काट्यावरून न उतरलेला एखादा मदतनीस, इतके पुरते. आत गेल्यावर पाणी सोडून द्यायचे आणि रिकामे पिंप मालाच्या पिंपांत मिसळायचे. बाहेर पडताना मदतनीस चालत फाटकाबाहेर जातो. भंगाराच्या जागेजवळ त्या दिवशी ओल होती का, ते विचारा.

फाटक_दोन
होती. शेडमागे पाणी साचल्याची तक्रार सफाई कामगारांनी त्याच संध्याकाळी केली होती, आणि पाइप फुटला असेल असे समजून मीच ती बाजूला ठेवली. वाईट याचे वाटते की रात्रीच्या रक्षकाने सही केली, तेव्हा ५.१० चा आकडा त्याने पाहिलेलाच नव्हता.

निवृत्त_सुभेदार
आपली यादी इथूनच सुरू होते. न पाहिलेल्या आकड्यावर सही घ्यायची नाही. रिकाम्या आणि भरलेल्या वजनासाठी गेटपासवर दोन स्वतंत्र रकाने ठेवा, आणि ज्याच्या समोर जे वजन झाले त्यानेच तिथे वेळेसह सही करावी. पाळी संपून पुढच्या रक्षकाला चार्ज देताना आत असलेली प्रत्येक गाडी, तिचा क्रमांक, रिकामे वजन आणि माणसांची संख्या वहीत उतरवून जाणाऱ्या व येणाऱ्या अशा दोन्ही रक्षकांनी सही करावी. त्यासाठी येणाऱ्याने पंधरा मिनिटे आधी हजर राहावे. किल्ल्या, बॅटरी, वॉकी-टॉकी आणि दुरुस्तीसाठी बाहेर गेलेला परतीचा माल यांचीही मोजदाद त्याच वेळी व्हावी.

हक्काची_पाळी
ती पंधरा मिनिटे रक्षकाच्या हजेरीत धरा, इतकीच विनंती आहे.

डिजिटल_पहारा
काट्यावर गाडीचे दोन फोटो काढावेत, एक केबिनचा आणि एक ताडपत्री उघडून हौद्याचा. याला कोणाची हरकत नसावी.

निवृत्त_सुभेदार
याला माझी हरकत नाही. ही सूचना उपयोगी आहे.

महिला_रक्षक
आपल्याकडे महिला कामगार असतील, तर त्यांची झडती महिला रक्षकानेच, आडोशाला घ्यावी, हे यादीत लिहा. ‘ते सगळ्यांना माहीत असते’ म्हणून हे वाक्य वगळले जाते आणि मग रात्रीच्या पाळीत महिला रक्षकच नसते.

फाटक_दोन
ताई, आमच्या दुसऱ्या पाळीत अकरा महिला आहेत आणि रात्री महिला रक्षक नाही. हे आजच कळवतो. आणखी एक प्रश्न आहे. असा टेम्पो पुन्हा सापडल्यास चालकाला अडवून ठेवता येईल का?

कायदा_वाचक
रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४० प्रमाणे, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही पकडू शकतो, पण विनाविलंब आणि फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. मारहाण करू नये, कोंडून जबाब लिहून घेऊ नये. गेटपास रोखून गाडी आतच थांबवावी, वरिष्ठांना कळवावे आणि ११२ वर दूरध्वनी करावा. एजन्सीने रक्षकांना प्रशिक्षण दिले आहे का, हेही पाहावे. खाजगी सुरक्षा एजन्सींबाबतच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे ते बंधनकारक आहे.

फाटक_दोन
सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही पावत्या आणि सफाई कामगारांची तक्रार जोडून व्यवस्थापनाला पत्र दिले. तक्रार मीच बाजूला ठेवली होती, हेही त्यात लिहिले आहे. रक्षकाला उद्या सकाळी बोलावले आहे. काट्याजवळ आज हा कागद लावला : ‘वजनापूर्वी चालकासह सर्वांनी खाली उतरावे. ताडपत्री पूर्ण उघडावी. मागील खेपेपेक्षा रिकामे वजन ५० किलोंहून अधिक भरल्यास गाडी आत सोडू नये, पर्यवेक्षकाला बोलवावे.’

काटापावती
त्यात जादा चाक, जॅक आणि डिझेलच्या टाकीची पातळीही लिहून घ्या. पाण्याचे पिंप पकडले गेले, की पुढच्या खेपेला दोन जादा चाके येतात.