अपडेट करावं की थांबावं? लायसन्स, आवृत्त्या आणि अडलेली कामं (अनुभव धागा)

निळी शाई
विंडोज १० चा आधार (कंपनीचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणारे), हिशेबनीस, सोसायटीच्या ऑफिसातली मंडळी सगळे एकच विचारतात: मशीन तर नीट चालतंय, मग हात कशाला लावायचा? ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपी बंद झालं तेव्हाही हेच ऐकू यायचं. ते आठवलं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. दर महिन्याचा सुरक्षेचा पॅच (त्रुटी बुजवणारं छोटं अपडेट) वेगळा आणि नवी आवृत्ती वेगळी. लोक एकाच भीतीपोटी दोन्ही अडवून ठेवतात. पॅच अडवू नये. आवृत्ती मात्र तीन गोष्टी बघितल्याशिवाय बदलू नये: जुन्या फायली उघडतील का, लायसन्स हलवता येईल का, आणि प्रिंटर, स्कॅनर, डाँगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी मशीनला जोडायची कळ) यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारे छोटे प्रोग्राम, मिळतील का.

१० वरच राहायचं असेल तर घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे. आवृत्ती २२एच२ हवी. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला जोडला तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. यात फक्त सुरक्षेचे पॅच मिळतात, नवीन सोयी नाहीत. ऑफिसच्या डोमेनवरची (कंपनीच्या सर्व्हरवरून सांभाळली जाणारी) मशीनं यात बसत नाहीत, त्यांची योजना वेगळी आणि पैसे भरून.

तुमच्याकडे काय अडतं आणि त्यावर उपाय काय, ते लिहा. तपशिलात लिहा, म्हणजे दुसऱ्याला करून बघता येईल.

खडूफळा
अगदी वेळेवर आलाय धागा. वाचतेय. पोळ्या झाल्या की लिहिते.

सातवी पायरी
विंडोज ११ साठी 'तुमचं मशीन चालणार नाही' असं आलं तरी लगेच नवीन घ्यायला धावू नका. त्याला लागणारा टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) बऱ्याच मदरबोर्डवर असतो, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी नावाने आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने सापडेल. प्रोसेसर मात्र यादीतलाच लागतो, इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे.

खरी गफलत पुढे होते. ११ च्या अटींतल्या सिक्युअर बूटसाठी (सुरू होताना भलता प्रोग्राम शिरू न देणारी सोय) यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, लागतं. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल आणि बायोसमध्ये नुसतं लेगसीचं (जुन्या पद्धतीचं) यूईएफआय केलंत, तर विंडोज सुरूच होणार नाही. घाबरू नका, डेटा कुठेही जात नाही, परत लेगसी केलं की सुरू होतं. आधी 'एमबीआर टू जीपीटी' हे विंडोजमधलंच साधन चालवून डिस्क नव्या जीपीटी मांडणीत बदलून घ्यायची, मग बायोसला हात लावायचा.

आणि बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय)! बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी तो 'सस्पेंड' करा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ आकडी 'रिकव्हरी की' (ते कुलूप उघडणारा क्रमांक) मागतं. कित्येक लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन विकत घेतानाच चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आज, आत्ता, कागदावर उतरवून ठेवा.

निळी शाई
@सातवी पायरी, फार कामाचं लिहिलंत. ती की वाला परिच्छेद मी घरच्या ग्रुपवर टाकतेय.

वही-खाते
टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द, कारण लायसन्सचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

कायमचं लायसन्स घेतलं की प्रोग्राम कायम चालतो. टीएसएस ही वार्षिक सेवा वेगळी, तिच्यात नवे रिलीज (आवृत्त्या) आणि ऑनलाइनच्या सोयी येतात. टीएसएस संपली म्हणून टॅली बंद पडत नाही. पण संपल्यानंतर निघालेला रिलीज टाकलात तर तो एज्युकेशनल मोडमध्ये (शिकण्यापुरत्या रूपात) उघडतो आणि महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच नोंदी घेतो. लोक म्हणतात लायसन्स गेलं. गेलेलं नसतं. टीएसएस चालू असतानाचा जुना रिलीज परत टाका, नाहीतर नूतनीकरण करा.

दुसरं म्हणजे, मोठ्या रिलीजला डेटा 'मायग्रेट' होतो (नव्या साच्यात बदलतो) आणि तो परत जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. म्हणून आधी अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं. टॅलीतला बॅकअप घ्याच, पण फोल्डरची कॉपीही हवी. मशीन बदलताना जुन्यावरून लायसन्स सरेंडर करायला विसरू नका. जुनं मशीन भंगारात गेल्यावर मग फोनाफोनी करत बसावं लागतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा 'नवं अपडेट कधी येणार' म्हणून कित्येक जण थांबून राहिले. दरासाठी अपडेट लागत नाही हो. स्टॉक ग्रुपमध्ये किंवा आयटममध्ये जाऊन नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख टाकायची. जुना दर खोडू नका, त्या तारखेआधीची बिलं त्याच्यावरच उभी आहेत.

खडूफळा
३१ तारखेचं आत्ता कळलं! मुलं कॉमर्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्या नोंदी एक तारखेच्या का दाखवतात याचा उलगडा झाला.

वही-खाते
हो ताई, शिकण्यासाठी एज्युकेशनल मोड उत्तम आहे, पूर्ण फुकट आणि बाकी बहुतेक सोयी चालू.

खिळे-छपाई
मराठी डीटीपीवाल्यांनी हे वाचाच. जरा लांबण लागेल.

जुन्या मशीनवर तीन गाठी असतात: युनिकोडच्या (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीचे फाँट, पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली आणि हार्डवेअर डाँगल. एक सुटली म्हणून बाकीच्या सुटत नाहीत.

डाँगलपासून सुरू करू. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे ३२ बिटचा ड्रायव्हर असला तर डाँगल ओळखलाच जाणार नाही. ६४ बिटचा ड्रायव्हर असूनही कधी अडतो, कारण 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा जुने ड्रायव्हर रोखते. ती बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका, आधी डाँगल बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधा. लायसन्स घेतलेल्या विक्रेत्याकडे डाँगलऐवजी ऑनलाइन नोंदणीचा पर्याय आहे का, तेही विचारा.

पेजमेकरच्या फायली इनडिझाइन या पानं जुळवायच्या नव्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडतात, त्यापुढच्या सीसी आवृत्त्यांनी ती सोयच काढून टाकली. सीएस६ ही कायमच्या लायसन्सची शेवटची आवृत्ती, पुढे सगळी वर्गणी. म्हणून ज्याच्याकडे सीएस६ आहे त्याने ते मशीन मोडू नये. फाइल सीएस६ मध्ये उघडून आयडीएमएल (इनडिझाइनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत उघडणारा फाइलचा प्रकार) म्हणून सेव्ह करा, मग कुठल्याही नव्या आवृत्तीत जाते. इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीतून जुन्या आवृत्तीकडे फाइल द्यायलाही आयडीएमएलच.

जुनं मशीन बंद करण्याआधी प्रत्येक पुस्तकाची, पत्रिकेची फाँट एम्बेड केलेली (आतच बसवलेली) पीडीएफ काढून ठेवा. फाँटचं फोल्डर वेगळं कॉपी करा. एवढं केलं तर निदान छापील रूप हातात राहतं. मजकुराचं युनिकोड नंतर सावकाश करता येतं.

युनिकोडमध्ये बदलल्यावर मजकूर नुसता डोळ्यांनी चाळू नका, शोधून तपासा. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. जोडाक्षरावर वेलांटी असली की कन्व्हर्टर ती चुकीच्या जागी ठेवतो. रफाराचंही तसंच, मागच्यापुढच्या अक्षरावर सरकतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' यातला अर्धा र हमखास बिघडतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फाँटात तिथे चौकोन दिसतो.

इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसली तर फाँटला दोष देऊ नका. परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा, जागेवर येतात.

आंबेमोहर
तो अर्धा र टाइप कसा करायचा ते सांगा ना कुणीतरी. मी दरवेळी आधी लिहिलेल्यातून कॉपी करते.

खिळे-छपाई
इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाची कळ शिफ्ट न धरता. झाला 'ऱ्य'. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की कळफलक येतोच. २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कळफलकही विंडोजमध्येच आहे.

आंबेमोहर
जमलं!!! दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, भाकऱ्या. धन्यवाद दादा 🙏

मोकळं आभाळ
फुकट सॉफ्टवेअर उतरवताना एक गोष्ट बघाच: फुकट कुणाला आणि कशासाठी.

लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) घरी, दुकानात, शाळेत, कितीही मशीनवर चालवा, कसलीही अट नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा) मूळ प्रोग्राम तसाच मुक्त आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला फुकट, ऑफिसात वापरायचा तर पैसे. जुनं सॉफ्टवेअर चालवायला त्यात विंडोज टाकलंत तर त्या विंडोजला स्वतःचं लायसन्स लागतं, हेही ध्यानात ठेवा. ओरॅकलच्या जावा ८ चे (काही प्रोग्राम चालायला जावा लागतं) एप्रिल २०१९ पासूनचे अपडेट घरगुती वापराला फुकट, धंद्यासाठी वर्गणी. कोपऱ्यात 'अपडेट उपलब्ध' येतं आणि माणूस सवयीने होय म्हणतो. ऑफिसच्या मशीनवर ओपनजेडीके या जावाच्या मुक्त रूपाचं फुकट मिळणारं तयार पॅकेज टाका, उदाहरणार्थ टेमुरिन.

फाँटांमध्ये ओपन फाँट लायसन्स असेल तर निर्धास्त वापरा. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' नावाचा फाँट, आयआयटी मुंबईतला 'शोभिका', दोन्ही तसेच आहेत. छापा, पीडीएफमध्ये घाला, वेबसाइटवर लावा. फक्त तो फाँट एकटाच विकता येत नाही.

पुस्तकासाठी वर्गणी परवडत नसेल त्यांनी स्क्रायबस हे पानं जुळवायचं फुकट सॉफ्टवेअर बघा. १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि ती देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवते. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आहे, छापखान्याला चालणारी पीडीएफ निघते.

खडूफळा
लिब्रेऑफिसमध्ये स्टाइलचा आकार १६ केला तरी मराठी अक्षरं १२ चीच राहतात, इंग्रजी तेवढी मोठी होतात. असं का?

मोकळं आभाळ
कारण त्यात देवनागरीचा फाँट आणि आकार वेगळा साठवतात. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषेच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल) चालू करा. मग स्टाइलच्या फाँटच्या पानावर दोन खाती दिसतील, पाश्चात्त्य आणि सीटीएल. आकार सीटीएलमध्ये बदला. आणि डिफॉल्ट परिच्छेद स्टाइलमध्येच बदला, म्हणजे अख्ख्या प्रश्नपत्रिकेला लागू होईल.

गल्ली क्रमांक चार
ऑनलाइन चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या विंडोजच्या 'आजीवन' की (लायसन्सचे क्रमांक) घेऊ नका, कळकळीने सांगतो. त्यातल्या कितीतरी कंपन्यांना दिलेल्या व्हॉल्यूम (एकगठ्ठा) लायसन्सच्या असतात. केएमएस प्रकारचं (कंपनीच्या सर्व्हरवरून होणारं) सक्रियण १८० दिवसांचं असतं, मधे सर्व्हरशी गाठ पडली नाही की संपतं, आणि तोवर विकणारा गायब.

आपलं लायसन्स कुठलं ते बघायला स्टार्टमध्ये रन उघडा, एसएलएमजीआर, एक जागा सोडून स्लॅश डीएलआय (slmgr /dli) टाइप करा. चौकटीत ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते लिहिलेलं येतं. ओईएम (मशीनबरोबर आलेलं) मदरबोर्डशी बांधलेलं, बोर्ड गेला की लायसन्सही गेलं. रिटेल (सुटं विकत घेतलेलं) नव्या मशीनवर नेता येतं. जुना पीसी विकताना हा फरक पैशांत मोजला जातो.

चिंच-गूळ
फोनचंही लिहा कुणीतरी, सासूबाईंच्या फोनमध्ये जागाच नाही म्हणतोय.

सातवी पायरी
ताई, आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघा, फॉरवर्ड झालेले व्हिडिओ तिथूनच काढा. मग प्ले स्टोअरमध्ये अपडेट फक्त वायफायवर ठेवा. पण बँकेचं ॲप आणि 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' (ॲपच्या आत वेबची पानं दाखवणारा भाग) मागे ठेवू नका. मार्च २०२१ मध्ये त्या वेबव्ह्यूच्याच सदोष अपडेटमुळे ढीगभर ॲप उघडताक्षणी बंद पडत होती. तेव्हा त्याचं अपडेट काढून टाकणं हा तात्पुरता उपाय होता. नवा फोन घेताना सुरक्षेचे पॅच किती वर्षं मिळणार ते विचारा, कॅमेऱ्याच्या आधी. पिक्सेल ८ पासून गूगल ७ वर्षं देतं.

वही-खाते
पॅचची भीती का बसते तेही समजून घ्यायला हवं. १९ जुलै २०२४ ला जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल सगळीकडे एकदम गेली होती. ती सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींनिशी विंडोज सुरू करून) जाऊन काढायची होती, आणि तिथेही बिटलॉकरची की आडवी आली.

ऑफिससाठी सोपी पद्धत: विंडोजचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. एका कमी महत्त्वाच्या मशीनवर लगेच घ्या, बाकीची आठवडाभर 'पॉज' करा. रिटर्न भरायच्या तारखा जवळ असतील तर नक्कीच.

सातवी पायरी
आणि १० वरून ११ केलंत तर परत फिरायला १० दिवस मिळतात. तेवढ्यात डिस्क क्लीनअपने जुनं विंडोज फोल्डर उडवू नका, परतीची वाट त्याच्यातच आहे.

आंबेमोहर
विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकली तर कॅननचा एलबीपी २९०० चालेल का? तो प्रिंटर अजून ठणठणीत आहे.

मोकळं आभाळ
पान तयार करण्याचं बरंचसं काम तो प्रिंटर कॉम्प्युटरवर सोडतो, म्हणून त्याला त्याचाच कॅप्ट ड्रायव्हर लागतो, आणि लिनक्सवर तो बसवायला खटपट आहे. डिस्कला हात न लावता आधी बघा: ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून त्यावरूनच सुरू करा. वायफाय, आवाज, मराठी कळफलक तपासा, प्रिंटर जोडून ड्रायव्हर बसवा, एक पान छापा. नाही छापलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज आहे तिथेच आहे.

आंबेमोहर
रविवारी बघते. मिंटमध्ये पण शिफ्ट जे डी चालेल ना?

खिळे-छपाई
चालेल. कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा, कळा त्याच.