मदत हवी आहे: चारचौघांत हातांचं काय करू?

तापीकाठ
रविवारी कार्यक्रम आहे, पन्नासेक माणसं असतील. चारचौघांत गेलो की अंग आखडतं, हातांचं काय करावं सुचत नाही, मग मोबाईल काढतो. 'कॉन्फिडन्स वाढव' असले सल्ले नकोत. नेमकं सांगा, लवकर.

भुसावळ_जंक्शन
हात बांधू नको, मोकळे सोड. तुला विचित्र वाटेल, बघणाऱ्याला वाटत नाही. ग्लास छातीशी न धरता कमरेच्या उंचीवर, एका हातात. दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, भार दोन्हींवर. एका पायावर उभा राहिलास की सारखा पाय बदलतोस, ती चुळबुळ लगेच दिसते.

खापरावरचे_मांडे
आधी हाई सांग, कार्यक्रम कोनता शे? लगीन का ऑफिसचा?

जोशात_राहा
निघण्याआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभा राहा. हार्मोन बदलतात, शास्त्रीय आहे.

चष्मेवाला
तो 2010 चा अभ्यास. 2015 मध्ये साधारण 200 जणांवर तपासला तर हार्मोनमध्ये फरक दिसला नाही. 2016 मध्ये मूळ लेखकांपैकी डॅना कार्नी यांनीच तो परिणाम खरा वाटत नसल्याचं जाहीर केलं. त्यापेक्षा चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड.

जोशात_राहा
पण मनाला जोर येतो ना?

चष्मेवाला
तेवढं त्या 200 जणांनीही सांगितलं. हार्मोनचं नाव घेऊ नका, बस.

तापीकाठ
तुमचं नंतर चालू द्या. साखरपुडा झालाय. होणाऱ्या सासऱ्यांच्या मळ्यात भरीत पार्टी आहे, यावलकडे.

भुसावळ_जंक्शन
अरे भाऊ, मग हे आधी सांगायचं! माझं उभं राहण्याचं सगळं वाया गेलं.

केळीबाग
तिथे सतरंजीवर मांडी घालून बसायचंय. घट्ट जीन्स टाळ, ती मांडीत ताणते आणि पाठीला पोक येतो. बुडाखाली गोणपाटाची दोन-तीन बोटं जाड घडी घे. गुडघे कमरेच्या खाली जातात, पाठ आपसूक सरळ होते. पंधरा मिनिटांनी पाय बदल. मुंग्या येईपर्यंत थांबलास तर उठताना झोकांडी जाईल.
गेल्या गेल्या सर्वांत मोठ्या माणसाला आधी नमस्कार, पूर्ण वाकून. गुडघ्यापर्यंत हात नेऊन परत फिरलास तर उरकल्यासारखं दिसतं. बायकांना हात जोड.
आणि हातांचं म्हणशील तर वांगी भाजून आली की सोलायला बस. देठ धरायचं, बोटं पाण्यात बुडवत साल ओढायचं. हाताला काम मिळालं की खांदे खाली येतात, शिवाय शेजारच्याशी वांग्याकडे बघत बोलता येतं, नजरेचा प्रश्नच उरत नाही.

खापरावरचे_मांडे
होणाऱ्या जावयाला कोन सोलू दी? 'बसा पाव्हणे' म्हणतीन.

केळीबाग
विचारलं तर म्हणतीलच. विचारायचं नाही, मुलं सोलत असतात त्यांच्यात जाऊन बसायचं. तेही जमलं नाही तर बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, वांगी ठेचायला पुढे हो. दोन्ही गुडघे टेकून बस, नाहीतर कंबर धरेल.

वरणबट्टी
वांगी बामणोद गावचीच आहेत ना? जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. आणि भाजायला काड्या तुरीच्या का कपाशीच्या?

तापीकाठ
हे मी विचारलंच नाही. सासरे स्वतः बोलायला आले तर बघू कुठे?

चष्मेवाला
तीन-चार सेकंद डोळ्यांकडे, मग बाजूला. खाली नको. समोर ठाकण्याऐवजी जरा तिरका बस.

वरणबट्टी
काड्यांचं कुणी सांगेल का? तुरीच्या असतील तर वांगं आतपर्यंत शिजतं.

खापरावरचे_मांडे
कपाशीच्या पन चालतीस. जाळ कमी ठेवा लागस.