मदत हवी आहे: घरखर्चासाठी ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड घेऊ की टाटा न्यू इन्फिनिटी?

सायली_नाशिक: दोन्ही कार्डं मिळतील असं कळलंय, पण घरात एकच ठेवायचं आहे. वापर फक्त घरखर्चासाठी. लाउंज, विमानाचे मैल यातलं काही नको. रविवारपर्यंत ठरवायचंय. कुठलं घेऊ?

अनिकेत७७: महिन्याचा खर्च किती? कुठे कुठे होतो? ॲमेझॉन प्राइम आहे का?

सायली_नाशिक: घरखर्च म्हणजे सगळ्यांचा असतो तोच. महिना ३१ हजारांच्या आसपास. प्राइम नाही.

राजाभाऊ_क: ताई, दोन्ही नको. एका बँकेच्या कार्डावर मी चार महिने 'किमान देय रक्कम' भरत राहिलो. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, आणि बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. पाच टक्के परत मिळवायला गेलो आणि वर्षाला बेचाळीस टक्क्यांत अडकलो. किराणा रोखीनं भरा.

मनाली_डोंबिवली: पूर्ण बिल वेळेवर भरलं तर व्याजाचा संबंधच नाही, काका. बँकेला ऑटो-डेबिट लावून द्यायचं. सायली, या दोन्हींपेक्षा एसबीआय कॅशबॅक बघ. ऑनलाइन खरेदीला ५ टक्के, दुकानात १. फी ९९९. मी तेच वापरते.

अनिकेत७७: मनाली, त्यांना तिसरं कार्ड नकोय. शिवाय खर्च दुकानात आहे की ऑनलाइन, हेच अजून कळलेलं नाही.

मनाली_डोंबिवली: म्हणून चांगला पर्याय सांगायचाच नाही का?

प्रसाद_ठाणे: जुनं कार्ड असेल तर आधी ते बंद करा. बाकी काही नसताना लेखी विनंती केली की ७ कामाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. माझ्या वेळी तीन फोन करावे लागले.

सायली_नाशिक: जुनं कार्ड नाहीये हो! बरं, यादी देते. डीमार्ट ९ हजार, बिगबास्केट ६, ॲमेझॉन ३, पेट्रोल ४, लाइट बिल २ आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ७. वाण्याचं खातं आहे, महिन्याच्या एक तारखेला यूपीआयनं एकदम देते. शाळेची फी चेकनं जाते.

अनिकेत७७: हे आधी सांगायला हवं होतं, उत्तर यातच आहे. पेट्रोल आणि लाइट बिल पॉइंटांच्या हिशेबात धरत नाही.

ॲमेझॉनचं कार्ड: ॲमेझॉनवर प्राइम नसल्यानं ३ टक्के, म्हणजे ९०. डीमार्टला १ टक्का, ९०. बिगबास्केटला ६०. महिना २४०, वर्षाला २,८८०. फी आयुष्यभर नाही. पैसे ॲमेझॉन पे बॅलन्समध्ये येतात.

इन्फिनिटी: बिगबास्केट टाटांचं, तिथे ५ टक्के, ३००. डीमार्ट आणि ॲमेझॉनला दीड टक्का, १८०. महिना ४८० न्यूकॉइन्स (टाटांचे पॉइंट, एक कॉइन म्हणजे एक रुपया), वर्षाला ५,७६०. फी १,४९९ अधिक जीएसटी, म्हणजे १,७६९. वर्षाला ३ लाख खर्च झाला तर ती माफ. वाणी सोडून तुमचा खर्च २ लाख ८८ हजार, म्हणजे माफी थोडक्यात हुकते. फी वजा जाता ३,९९१. तरीही पुढेच. पण कॉइन टाटांच्याच ठिकाणी चालतात, बिगबास्केट बंद केलंत तर काही उपयोग नाही.

मनाली_डोंबिवली: आणि वाण्याचे ७ हजार?

अनिकेत७७: सगळं तिथेच ठरतं. इन्फिनिटी रुपेवर (व्हिसासारखं भारतीय कार्ड नेटवर्क) घेतलंत तर कार्ड यूपीआयला जोडता येतं. टाटा न्यू ॲपवरून दिलं तर दीड टक्का, दुसऱ्या ॲपवरून अर्धा. महिना १०५ वाढतील आणि वर्षाचा खर्च ३ लाखांच्या वर जाऊन फीही माफ होईल. पण वाण्याचा क्यूआर दुकानाचा हवा. त्याच्या स्वतःच्या बचत खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डावरून पैसे जात नाहीत.

राजाभाऊ_क: बघा, वाण्याला आता कार्डाच्या हिशेबानं वागवायचं! आमच्या गल्लीत तो वहीवर लिहायचा, आई दिवाळीला चुकतं करायची.

सायली_नाशिक: संध्याकाळी जाऊन विचारलं. क्यूआर दुकानाच्या नावाचा आहे. पण म्हणाला, "वहिनी, दोन हजारांच्या आतच द्या, वर गेलं की माझे पैसे कापतात."

अनिकेत७७: बरोबर सांगतोय. रुपे क्रेडिटवर छोट्या दुकानदाराला २ हजारांपर्यंत शुल्क नाही. महिन्याचे एकदम ७ हजार देऊ नका, आठवड्याला १,७५० द्या.

सायली_नाशिक: म्हणजे खातं दर शनिवारी मिटवायचं. त्याला चालेल, उलट खूश होईल. इन्फिनिटीचा अर्ज रुपेवर टाकते. ऑटो-डेबिट पूर्ण बिलाचं लावायचं म्हणजे नेमका कुठला पर्याय निवडायचा?

मनाली_डोंबिवली: 'टोटल अमाउंट ड्यू'. 'मिनिमम' नाही. राजाभाऊ सांगतायत ते तिथेच होतं.