ऑडी टीटीच्या रिम्स सोलपटल्यात, डायमंड कट परत करू की पावडर कोटिंग?

खड्डेग्रस्त_कोथरूड:
मंडळी सल्ला हवाय. सेकंडहँड ऑडी टीटी घेतलीये, २०१२ ची, आधीच्या मालकाने १८ इंची बाहेरच्या (ऑडीच्या नव्हे, दुसऱ्या कंपनीच्या) डायमंड कट रिम्स टाकल्यात, दिसायला भारी पण फूटपाथला घासून घासून चारही कडा खरवडल्यात आणि लॅकरखाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेघा आल्यात. त्यात पुढची डावी नवले पुलाजवळ खड्ड्यात दणकन आपटली, तेव्हापासून ९० च्या वर स्टेअरिंग थरथरतं. टायरवाला म्हणतो वजनं लावतो, होऊन जाईल. कुणाकडे जाऊ? भोसरी-चाकणपर्यंत यायची तयारी आहे.

लेथवाला:
रंगाचं नंतर, आधी ती डावी बघा. वजनं लावून वाकडी रिम सरळ होत नाही हो. टायर उतरवून डायल (वाकडेपणा मोजायचं गेज) लावा, आणि आतल्या कडेला पण लावा, कारण खड्ड्याचा मार बऱ्याचदा तिथेच बसतो आणि बाहेरून रिम कोरी करकरीत दिसते.
डायमंड कटचं म्हणाल तर सीएनसी लेथवर दर्शनी भागाचा पातळ थर काढतात, म्हणजे दरवेळी धातू कमी. एकदा ठीक, फार तर दोनदा. तुमच्या आधीच्या मालकाने किती वेळा काढलाय देव जाणे. वर नुसतं पारदर्शक लॅकर, खडा लागून ते फुटलं की पाणी आत, की आल्या तुमच्या अळ्या. आपल्याकडच्या पावसात मी तरी नाही करणार.

पेठेतला_पेट्रोलवेडा:
+१ पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पावडर मारून भट्टीत भाजतात ते). पण कोण करतंय ते बघून राव! माझ्या रिम्स एकाने लांबी (पुट्टी) भरून वर स्प्रे मारून दिल्या, एका पावसाळ्यात पोपडे. वर शहाण्याने हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकतो तो मागचा भाग आणि बोल्टच्या बैठकी पण रंगवल्या, तो रंग दबला आणि बोल्ट ढिले, कात्रज चढताना चाकातून टकटक. तेव्हा तिथे मास्किंग करणार का, म्हणजे रंग लागू नये म्हणून झाकणार का, हे आधी विचारा. आणि बाहेरच्या रिमला बोल्ट बहुतेक कोनाच्या बैठकीचे लागतात, ऑडीचे स्वतःचे गोल बैठकीचे असतात, अदलाबदल नको. १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळा आणि ५०-१०० किमीनंतर परत बघा.

भट्टीवाले_काका:
भोसरीत हीट ट्रीटमेंटमध्ये हयात गेली म्हणून लिहितो. अलॉय रिम बहुतेक टी-सिक्स असते, म्हणजे साधारण ५४० अंशाला तापवून पाण्यात आणि मग १५५-१७५ च्या आसपास एजिंग (काही तास तापवत ठेवणं), ताकद त्यातून येते. पावडर १८०-२०० ला पंधरा-वीस मिनिटं भाजतात, तेवढं चालतं. घोळ होतो जुना रंग काढताना. ग्रील-गेटवाले तो जाळून काढतात, ती भट्टी ३५० च्या पुढे जाते, लोखंडाला काही होत नाही, तुमची रिम मात्र मऊ पडेल आणि वरून काही कळणार नाही. केमिकलने किंवा बारीक ब्लास्टिंगने काढा.
आणि डाव्या रिमची डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, बारीक चिरा शोधायची) करा, लाल डाय, पुसणं, वर पांढरा डेव्हलपर, काम स्वस्त आहे. चीर निघाली तर आर्गन वेल्डिंगच्या नादी लागू नका, वेल्डच्या बाजूची ट्रीटमेंट जाते.

खड्डेग्रस्त_कोथरूड:
काका, तुमच्यामुळे वाचलो. टेस्ट केली, आतल्या कडेला दोन इंच लाल रेघ!! दोन दिवसात पावडर कोटिंग करून देतो म्हणणारा एक जण होता, त्याला फोन करून जुना रंग कसा काढता विचारलं तर म्हणाला "जाळतो की". मग भोसरीत दुसरीकडे दिल्या, तीन रिम्स, केमिकल स्ट्रिप, गनमेटल.
आता चौथीचं काय करू? १८ इंच, ८ जे (रुंदी ८ इंच), ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळावर), ईटी ३५ (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून ३५ मिमी), कुणाकडे एकटी पडून असेल तर सांगा, डिझाईन जुळलं नाही तर चारही बदलीन म्हणतो पण हे घरी अजून बोललेलो नाही.