पेटीत पोळं आडवंतिडवं बांधलंय, कापू की राहू देऊ?

घरामागे मधमाश्यांची एकच पेटी आहे, मेलिफेरा (पाळीव युरोपियन माशी), पोळं धरणाऱ्या 10 लाकडी चौकटींची. एक चौकट काढली होती ती परत लावायची राहून गेली आणि 3 आठवड्यांनी काल उघडतोय तर त्या मोकळ्या जागेत झाकणाला लोंबणारं पोळं, ते पण आडवं जाऊन दोन्हीकडच्या चौकटींना चिकटलेलं. घरं नेहमीपेक्षा मोठी, झाकणं बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर. आणि खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं काहीतरी खाली तोंड करून लटकतंय. चौकट हलवली की मध गळतो, माश्या चिरडतात, बघवत नाही हो.

उत्तर 1
माश्यांचं काही बिघडलेलं नाही, जागा मिळाली म्हणून बांधलं. ये-जा करायला त्या साधारण 6 ते 9 मिमी फट मोकळी सोडतात, त्याहून कमी असली तर प्रोपोलिसने (झाडांच्या डिंकापासून केलेल्या चिकट पदार्थाने) बुजवतात आणि जास्त असली की पोळं करतात. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या मधमाशीपालकाने 1851 मध्ये हेच ओळखलं आणि त्यावरून काढत्याघालत्या चौकटींची पेटी केली. मेणपत्रा (चौकटीत बसवायचा, घरांचा ठसा असलेला मेणाचा पातळ पत्रा) नसेल तर दिशा त्याच ठरवणार. पेटी डावी-उजवीकडे कललीय का तेही बघा, पोळं ओळंब्यात सरळ खाली येतं, मग चौकटीबाहेर जातं.

उत्तर 2
मोठी घरं नरांची. कामकरी माशीचं घर जेमतेम 5.3 मिमी, नराचं 6.5 च्या आसपास, आणि मेणपत्र्यावर बहुतेक कामकरीचाच ठसा असतो म्हणून मोकळी जागा मिळाली की नरांची घरं तिथे काढतात. काळजी कधी करायची, तर मधल्या चौकटीत कामकरीच्या लहान घरांवर अशा फुगीर टोप्या विखुरलेल्या दिसल्या तर. मग राणी संपलीय किंवा तिची फलित अंडी, म्हणजे ज्यातून कामकरी होतात ती, घालायची ताकद गेलीय.

उत्तर 3
ती शेंग म्हणजे राणीघर, नवी राणी वाढवायचं घर, सुरी लावायच्या आधी ते बघा!! आत अळी आणि पांढरं रॉयल जेली (राणीच्या अळीचं खाणं) आहे की नुसती रिकामी वाटी, रिकाम्या वाट्या तर माश्या करूनच ठेवतात. मग चौकटींत उभी अंडी शोधा, अंडी 3 दिवसांत फुटतात, म्हणजे दिसली तर राणी 3 दिवसांपूर्वीपर्यंत तरी होती. अंडी नाहीत आणि राणीघर भरलेलं असेल तर हात लावू नका, वसाहतीची पुढची आई तीच. सगळं ठीक असेल तर पोळं कापून कामकरीचा पिलावा (अंडी, अळ्या) असलेला तुकडा रिकाम्या चौकटीत सुती दोऱ्याने बांधा, वरची बाजू वरच राहू द्या, घरं किंचित वर कललेली असतात. भर उन्हात नको, मेण मऊ पडून तुकडा हातातच फाटतो. चौकटी मध्ये घट्ट सरकवा, उरलेली जागा दोन्ही कडांना.

प्रश्नकर्ता
आज सकाळी बघितलं, वाटी रिकामी आहे, 2 चौकटींत उभी अंडी दिसली. पेटी पण एका बाजूला चांगली बोटभर खचली होती, खाली फरशीचा तुकडा सारला. उद्या उजाडताच कापतो.